पाठमोरी पोरं, लांब व्हरांडा: शाळेतल्या हिंसेवरचा संथ लघुपट कसा करावा

प्रश्न असा आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका गावी, जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात 25 मिनिटांचा लघुपट करायचाय. विषय शाळकरी पोरांमधली हिंसा. डोळ्यांसमोर नमुना आहे अमेरिकी दिग्दर्शक गस व्हॅन सँट यांचा 2003 सालचा 'एलिफंट'. हाताशी सहा दिवस, एक मिररलेस कॅमेरा, एक गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारी मूठ) आणि गावातली आठ-दहा पोरं. चाचणी म्हणून पोरांच्या मागे कॅमेरा चालवून पाहिला, पण बघताना धडकी भरत नाही, नुसता कंटाळा येतो. असं का होतं आणि काय करावं?

कंटाळा येतो, कारण आपण इमारतीत नेमके कुठे आहोत आणि किती वाजलेत हे बघणाऱ्याला कळत नाही. त्या सिनेमातला संथपणा ही कॅमेऱ्याची चाल नाही, तो हिशेब आहे. कुठला दरवाजा कुठे उघडतो, कँटीनपासून ग्रंथालय किती लांब, कोण कोणाला कुठे ओलांडून गेलं, हे सगळं 81 मिनिटांच्या सिनेमात आधी निवांत दाखवून झालेलं असतं. शेवटी गोळ्या सुटतात तेव्हा कुठलं पोर कुठल्या वाटेवर आहे हे आपल्याला पाठ झालेलं असतं. भीती तिथून येते. हा हिशेब न करता मागून चित्रण केलं तर हाती फक्त डोक्याची मागची बाजू लागते.

सिनेमाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 20 एप्रिल 1999 रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कोलंबाईन हायस्कुलात दोन विद्यार्थ्यांनी 12 विद्यार्थी आणि 1 शिक्षक यांना ठार केलं, मग स्वतःला संपवलं. सिनेमा त्या घटनेवर उभा आहे, पण ती घटना सांगत नाही. पोर्टलंड शहरातल्या, वापरात नसलेल्या एका शाळेच्या इमारतीत तो चित्रित झाला. मुलं तिथलीच, बहुतेक पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर येणारी, आणि संवाद बरेचसे त्यांनीच जागेवर बोललेले. कॅमेरा हॅरिस सॅव्हिडीस यांचा. कान महोत्सवात त्याला पाम द'ऑर हा सर्वोच्च पुरस्कार आणि दिग्दर्शनाचा पुरस्कार असे दोन्ही मिळाले. नाव घेतलंय ब्रिटिश दिग्दर्शक ॲलन क्लार्क यांच्या 1989 च्या, उत्तर आयर्लंडमधल्या हत्यांवरच्या 39 मिनिटांच्या फिल्मवरून. व्हॅन सँटना ते नाव हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीवरून आलं असावं असं वाटलं होतं. ती गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे, आणि सिनेमाची रचनाही तशीच आहे: प्रत्येक पोराच्या वाटेनं हत्तीचा एकेक अवयव हाती लागतो, पूर्ण हत्ती कोणालाच दिसत नाही.

आता कामाचं. आधी शाळेचा नकाशा काढा. आलेख कागद घ्या, एक चौकोन म्हणजे एक मीटर. टेपनं मोजा, अंदाजानं नको. समजा आठ खोल्यांची रांग आहे आणि एकेक खोली 25 फुटांची, तर व्हरांडा 200 फूट, म्हणजे साधारण 61 मीटर. रमत-गमत चालणारं पोरगं सेकंदाला एक मीटर जातं. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक मिनिट. ही तुमच्या शॉटची नैसर्गिक लांबी. सहा दिवसांत असे 16 ते 18 शॉट होतात, त्याहून जास्त नाही. आता नकाशावर तीन पोरांच्या वाटा तीन रंगांत काढा आणि दर 10 सेकंदांना टिंब द्या. शून्य सेकंद म्हणजे मधल्या सुट्टीची घंटा. घंटा सगळ्या वाटांवर ऐकू येते, म्हणून घड्याळ दाखवायची गरज उरत नाही. घंटा वाजली की बघणाऱ्याला कळतं, आपण पुन्हा त्याच क्षणी आलोत.

तीन वाटा कुठे तरी एका ठिकाणी मिळायला हव्यात. एलिफंटमध्ये एका कॉरिडॉरमध्ये एक मुलगा दुसऱ्याचा फोटो काढतो आणि त्यांच्या बाजूनं एक मुलगी पळत जाते. हाच क्षण तीन वेळा, तीन वाटांवरून येतो. तुमच्या शाळेत ही जागा पाण्याच्या टाकीजवळ मिळेल. हजेरी घेऊन ऑफिसकडे पळत जाणारी मुलगी, पोषण आहाराची ताटली धुणारं आठवीचं पोर आणि मैदानाकडून उशिरा येणारा दहावीचा मुलगा. इथे बोलणं तंतोतंत ठरवून घ्या. बाकी ठिकाणी पोरांना मोकळं सोडा, त्यांना जे सुचेल ते बोलू द्या, पण टाकीजवळ "काय करायलास बे?" "काय नाय. सरनं बोलावलंय." एवढंच, आणि तिन्ही वेळा तेवढंच. ताटली कोणत्या हातात, नळ चालू की बंद, मुलीची वेणी खांद्याच्या पुढे की मागे, हे कागदावर लिहा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

इथे सगळ्यात जास्त गडबड उन्हामुळे होते. तिन्ही वेळचं टाकीचं चित्रण एकापाठोपाठ उरका. सकाळी एक आणि दुपारी दुसरं घेतलंत तर खांबाची सावली सरकलेली दिसते, आणि बघणाऱ्याला नेमकं सांगता आलं नाही तरी 'हा तोच क्षण नाही' हे जाणवतंच. व्हरांडा पूर्वेकडे तोंड करून असेल तर दुपारी एकनंतर तो पूर्ण सावलीत जातो, प्रकाश एकसारखा राहतो आणि दोन-अडीच तास निश्चिंत मिळतात. पश्चिमेकडे तोंड असेल तर हेच काम सकाळी आठ ते अकरा.

दुसरा मोठा प्रश्न गणवेशाचा. मराठवाड्यात हा नमुना उचलणाऱ्यानं सगळ्यात आधी यावर विचार करायला हवा. त्या सिनेमात प्रत्येक पोराचे कपडे वेगळे. एकाचा पिवळा टीशर्ट, दुसऱ्याचा लाल स्वेटशर्ट आणि त्याच्या पाठीवर पांढरी फुली. मैदानावरचा तो शॉट लक्षपूर्वक पाहा. कॅमेरा जागेवर, मागे पोरं फुटबॉल खेळताहेत, पियानोवर बेथोव्हनचा मूनलाईट सोनाटा. एक मुलगी पळता पळता थांबते आणि आभाळाकडे बघते. मग एक मुलगा कॅमेऱ्याजवळ येतो, तो लाल स्वेटशर्ट अंगात घालतो आणि शाळेकडे निघतो. आता कॅमेरा त्याच्या मागे. ती फुली आपल्या डोळ्यांत बसते आणि पुढे केव्हाही ती पाठ दिसली की आपण त्याला ओळखतो.

आपल्याकडे सगळ्या पाठी एकाच रंगाच्या. पांढरा शर्ट, खाली खाकी किंवा निळं. मागून चित्रण केलंत तर अर्ध्या सिनेमात कोण चाललंय हेच कळणार नाही. म्हणून पाठ ओळखू येण्यासाठी दुसरं काही तरी द्या. एकाच्या दप्तराचा पट्टा तुटलेला आणि दोरीनं बांधलेला. एकीच्या वेण्यांना लाल रिबिनी, दुसरीला काळ्या. एकाचा शर्ट मोठ्या भावाचा, त्यामुळे खांद्याची शिवण दंडावर उतरलेली. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे पायांचा आवाज. फरफटत चालणारी स्लीपर, टाच खाली आपटणारे कॅनव्हासचे बूट, अनवाणी पाय. प्रत्येक मुख्य पोराला एकच चाल आणि एकच पायताण ठरवून द्या, मग डोळे मिटूनही तो ओळखू येईल. पुढे पडदा काळा असताना नुसती स्लीपर वाजली तरी पुरतं.

कॅमेऱ्याचं गणित सोपं आहे. फुल फ्रेम सेन्सरवर 35 मिमी लेन्स, पोरापासून अंतर पाच फूट. यात डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ येते आणि दोन्ही बाजूंना व्हरांडा दिसत राहतो. मूळ सिनेमा 1.33:1 म्हणजे जवळपास चौकोनी चौकटीत आहे. 3840 x 2160 मध्ये चित्रित करून नंतर 2880 x 2160 कापून घ्या, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्या खुणा आधीच लावून ठेवा. लांबट चौकटीत व्हरांड्याच्या बाहेरचं मैदान, भिंतीवरचे सुविचार, उभ्या मोटारसायकली असं नको ते सगळं आत शिरतं. चौकोनात पोरगं कोंडल्यासारखं दिसतं.

फोकस ऑटोवर सोडू नका. व्हरांड्यात समोरून कोणी आलं की कॅमेरा त्याच्याकडे उडी मारतो आणि शॉट वाया जातो. मॅन्युअल करून पाच फुटांवर बांधा आणि छिद्र एफ 4 ठेवा. पाच फुटांवर तुम्हाला फोकसमध्ये साधारण दीड फुटाची जागा मिळते, गिंबलवाल्याची पावलं थोडी पुढे-मागे झाली तरी चालतं. मागचं सगळं धूसर दिसावं या हौसेपोटी एफ 1.8 लावलंत तर ही जागा जेमतेम आठ इंच राहते आणि सहा दिवसांत एकही लांब शॉट धड हाती येणार नाही. 25 फ्रेमला शटर 1/50 ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यानं या शटरला वर्गातल्या ट्यूबलाईट लुकलुकत नाहीत. व्हाईट बॅलन्स 5600 वर बांधा. उन्हातून वर्गात शिरताना उजेड एकदम पडतो. तिथे ऑटो एक्सपोजर चालू असेल तर चित्र श्वास घेतल्यासारखं उजळतं, ते नको. व्हेरिएबल एनडी फिल्टर (फिरवून उजेड कमी-जास्त करणारी काच) लावा आणि उंबऱ्यावर ते फिरवायला दुसरा माणूस चालवा, किंवा सरळ वर्ग अंधारा राहू द्या. अंधारा वर्ग बऱ्याचदा जास्त चांगला दिसतो.

गिंबल डावी-उजवी थरथर काढतो, वर-खाली उसळी काढत नाही. ती तुमच्या गुडघ्यांनीच काढायची असते. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी, मग चवडा. शहाबादी फरशीचे सांधे वर-खाली असतात, कुठे पायरी असते, म्हणून त्याच वाटेवर कॅमेऱ्याशिवाय दहा-बारा फेऱ्या मारा. एका लांब शॉटला पाच ते सात टेक धरा. दिवसाला असे तीन शॉट झाले तर दिवस चांगला गेला समजा. डेटाचा अंदाजही घेऊन ठेवा: 100 एमबीपीएसला मिनिटाला 750 एमबी, तासाला 45 जीबी. रोज दोन तास चित्रण झालं तर सहा दिवसांत 540 जीबी. एक टीबीच्या दोन ड्राईव्ह घ्या आणि रोज रात्री दोन्हींवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसू नका.

आवाज हा अशा सिनेमाचा निम्मा भाग असतो आणि गावाकडे तोच सगळ्यात हलगर्जीपणे होतो. चालत्या शॉटमध्ये बूम, म्हणजे दांडीवरचा माईक, धरता येत नाही, सावली पडते. मुख्य पोराला कॉलरमाईक लावा, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आणि पातळीचं शिखर उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. मग पोरं घरी गेल्यावर त्याच व्हरांड्यात पायताणांचे आवाज वेगळे घ्या, प्रत्येक जागेचा शांतपणा तीन-तीन मिनिटं रेकॉर्ड करा. शाळेवर पत्रे असतील तर उन्हाळ्यात ते तापून तडतडतात आणि पावसाळ्यात बोलणंच ऐकू येत नाही. म्हणून दिवाळीची सुट्टी बरी: शाळा रिकामी, ऊन मवाळ.

एलिफंटमध्ये हिल्डेगार्ड वेस्टरकँप यांच्या ध्वनिरचना वापरल्यात. त्यामुळे शाळेच्या कॉरिडॉरमध्ये दुसऱ्याच कुठल्या तरी जागेचे आवाज शिरतात आणि कान अस्वस्थ होतो. तुम्हाला असले आवाज बाहेरून आणायची गरज नाही. रुळाच्या तुकड्यावर पडणारा टोल, बोअरची मोटर, खिचडीच्या पातेल्यावर घासणारं उलथनं, शेजारच्या रानातला फवारणी पंप. यातला एखादा आवाज जिथे नसायला हवा तिथे हळूच ठेवा. वर्गात कोणीही नाही आणि खूप लांबचा फवारणी पंप अगदी कानाशी चाललाय. बघणाऱ्याला कारण कळणार नाही, पण तो खुर्चीत सावरून बसेल.

आता कारणांबद्दल, कारण पटकथेत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मूळ सिनेमात कारणं भरपूर विखुरलेली आहेत. वर्गात अंगावर फेकलेला घाण लगदा, गोळीबाराचा व्हिडिओ गेम, टीव्हीवरची नाझींची चित्रफीत, कुरिअरनं घरपोच आलेली बंदूक. त्यातलं एकही पुरेसं ठरत नाही. बघणाऱ्याच्या हाती एक कारण लागलं की तो मोकळा होतो, घरी जाऊन झोपतो. तुमच्या पटकथेत बहुधा एक खडूस मास्तर असेल, जो छडीनं मारतो. त्याला उत्तर करून टाकू नका. शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नं बंदी आहे, त्यामुळे तो प्रसंग वाचून मुख्याध्यापक परवानगीच नाकारतील हा एक भाग. पण खरी अडचण ही की तो प्रसंग आला की पुढची सगळी हिंसा त्याच्या नावावर जमा होते.

आडनावाचं तसंच. आपल्याकडे हजेरीत आडनाव घेतलं की बघणाऱ्यानं जात ओळखली आणि मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. भिंतीवरचा जयंतीचा फलक, गाडीवरचा झेंडा, कपाळावरचा गंध, हातातला दोरा, ही प्रत्येक गोष्ट मराठवाड्यात वाक्यासारखी वाचली जाते. जातीच्या हिंसेवरच सिनेमा करायचा असेल तर तो उघडपणे आणि पूर्ण जबाबदारीनं करा, तो अत्यंत गरजेचा विषय आहे. पण नकळत आडनाव आलं आणि सिनेमा भलत्याच गोष्टीचा होऊन बसला, असं व्हायला नको. हजेरी नंबरानं घ्या.

बंदूक घेऊ नका. ते तिथलं वास्तव आहे. आपल्याकडे पोराच्या हाताशी कोयता असतो, तोही घरातलाच, ऊसतोडीचा, दाराच्या मागे ठेवलेला. म्हणून तो सुरुवातीलाच दाखवा, आई त्यानं नारळ फोडतेय किंवा सरपण तोडतेय अशा साध्या कामात, जवळून न दाखवता, संगीत न लावता. पुढे दप्तर नेहमीपेक्षा जड वाटतंय एवढं दिसलं तरी पुरे. आणि काय होणार हे शेवटपर्यंत झाकून ठेवू नका. मूळ सिनेमात हत्यारबंद पोरं शाळेत शिरताना आपण बरंच आधी बघतो, मग काळ मागे जातो आणि उरलेल्या सगळ्या साध्या गोष्टी त्या सावलीत घडतात. तुम्ही ते सातव्या-आठव्या मिनिटाला दाखवा.

पोरांच्या जवळ खरं पातं आणूच नका. फोमचा किंवा लाकडाचा रंगवलेला कोयता करा. हल्ला दाखवायची गरज नाही. बंद दाराबाहेर कॅमेरा थांबवा आणि आवाज कमी ठेवा. तयार ध्वनिसंग्रहातला सपासप आवाज लावलात की सगळा सिनेमा खोटा पडतो. खऱ्या प्रसंगात ऐकू येतं ते बाक सरकणं, डबा पडून गोल फिरत राहणं, कोणी तरी "ए, ए" एवढंच म्हणणं. नकली रक्त दाखवून पोरांना अचानक घाबरवायचं आणि त्यांचा खरा चेहरा टिपायचा, हे कोणीही सुचवलं तरी करू नका. प्रत्येक हालचाल आधी सावकाश बसवा, सगळ्यांना माहीत असू द्या. तो प्रसंग संपला की कपडे बदलायला लावा, तोंड धुवायला लावा, अर्धा तास खेळू द्या, मगच घरी पाठवा.

मूळ सिनेमात मुलांना त्यांचीच पहिली नावं दिलीत. तुम्ही तसं करू नका. तिकडे शहर मोठं, इकडे गाव लहान. हल्ला करणाऱ्याची भूमिका करणाऱ्या पोराला ते नाव लग्नापर्यंत चिकटेल.

परवानग्यांची कामं आधी उरका. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी संमती. पोलीस ठाण्यात तारखा, जागा आणि नकली हत्याराचा फोटो जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रबंदीचे आदेश जिल्ह्यात वारंवार निघतात, त्या दिवसांत नकली कोयताही उघड्यावर मिरवणं अंगाशी येऊ शकतं. शिवाय शाळेच्या दारात कोयता घेतलेलं पोरगं कोणी मोबाईलवर टिपलं आणि व्हॉट्सॲपच्या गटागटांत फिरवलं, तर तासाभरात तालुकाभर अफवा. चित्रणाच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगायला लावा.

पोरं शक्यतो 14 वर्षं पूर्ण झालेली निवडा. ताटली धुणाऱ्या आठवीच्या पोराचं वयही जन्मदाखल्यावरून तपासून घ्या. 14 खालचं मूल घेतलं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसात 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय 3 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमावा लागतो, आणि मानधनाचे किमान 20 टक्के मुलाच्या नावावर मुदत ठेवीत भरावे लागतात. मोठ्या पोरांनाही हेच तास लावा. पालकांची संमती घेताना कथा पूर्ण वाचून दाखवा, 'शाळेवरचा सिनेमा आहे' एवढ्यावर सही घेऊ नका.

संकलनात एकच काळजी. पोरगं चौकटीबाहेर गेलं तरी त्याच्या पायांचा आवाज विरेपर्यंत कापू नका, पण त्यानंतर एक सेकंदही रेंगाळू नका. स्लो मोशन मूळ सिनेमात मोजक्या क्षणी आहे. तुमच्याकडे एकदाच वापरा, टाकीजवळ पळणाऱ्या मुलीसाठी, किंवा अजिबात नको.

पहिलं प्रदर्शन महोत्सवात किंवा यूट्यूबवर नको. काम केलेली पोरं, त्यांचे आईवडील आणि शिक्षक, एवढ्यांनाच एका खोलीत दाखवा, एखाद्या समुपदेशकाला बसवून. दिवे लागल्यावर लगेच प्रश्न विचारू नका, पाणी-चहा होऊ द्या. चाइल्डलाईनचा 1098 आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा 14416 हे क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा. एखाद्या आईनं 'माझ्या लेकराचा चेहरा तिथे नको' म्हटलं तर तो शॉट काढा. पाठमोऱ्या शॉटांवरच सिनेमा बांधलेला असेल तर त्यानं काहीही कमी होत नाही.